मागचे बोलणे लक्षात ठेवणारे चॅटबॉट : मेमरी सुविधेचे परीक्षण

मराठी पुस्तकांचे संपादन आणि मुद्रितशोधन हा माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे, आणि चॅटजीपीटी, जेमिनी व क्लॉड हे तिन्ही चॅटबॉट मी या कामात रोज वापरते. हे परीक्षण त्यांच्या एकाच सुविधेचे आहे, ती म्हणजे मेमरी. अर्थात एका संभाषणात सांगितलेली गोष्ट पुढच्या संभाषणात लक्षात राहण्याची सोय. ज्याला त्याच प्रकारचे काम पुन्हा पुन्हा करून घ्यायचे असते, त्याच्या दृष्टीने ही सोय उत्तरांच्या दर्जाइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्यासाठी आता पैसेही मागितले जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीने भारतासाठी महिना ३९९ रुपयांची चॅटजीपीटी गो ही योजना आणली, तेव्हा जास्त संदेश आणि जास्त चित्रे यांच्या जोडीला दुप्पट लांबीची मेमरी हेही तिचे वैशिष्ट्य म्हणून जाहीर करण्यात आले होते. म्हणूनच विकत घ्यायच्या कोणत्याही वस्तूला लावावी तशी कसोटी मेमरीलाही लावली पाहिजे. माझी कसोटी अशी आहे : चॅटबॉटने माझ्याविषयी काय टिपून ठेवले आहे ते मला वाचता आले पाहिजे, ते मला दुरुस्त करता आले पाहिजे, आणि एका कामातले दुसऱ्या कामात मिसळता कामा नये. किती लक्षात राहते हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

या सुविधेचे गुणदोष समजण्यासाठी ती आत काय करते हे आधी पाहायला हवे. आपण चॅटबॉटशी कितीही बोललो तरी त्याच्यामागचे मॉडेल, म्हणजे उत्तरे तयार करणारी मूळ प्रणाली, आपल्या बोलण्याने बदलत नाही. त्याची घडण प्रशिक्षणातच झालेली असते आणि प्रत्येक नवे संभाषण ते कोऱ्या पाटीवर सुरू करते. आपल्याला जी आठवण वाटते तो प्रत्यक्षात आपल्याविषयीचा थोडा मजकूर असतो, जो आपल्या प्रश्नाच्या आधी जोडून मॉडेलला वाचायला दिला जातो. हा मजकूर कोण लिहितो, कोठे साठवतो आणि कोणत्या वेळी बाहेर काढतो, एवढ्यावर मेमरीचा दर्जा ठरतो. आपली संभाषणे पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरू द्यायची की नाही, हा प्रश्न यापासून स्वतंत्र आहे आणि त्याची सेटिंगही स्वतंत्र असते. मेमरी बंद केली म्हणजे तो वापरही थांबला, असा समज पुष्कळांचा असतो आणि तो चुकीचा आहे.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुले झाले तेव्हा ही सोय मुळीच नव्हती. जुलै २०२३ मध्ये कस्टम इन्स्ट्रक्शन्स आल्या. त्यांत स्वतःविषयी आणि हव्या असलेल्या उत्तरांविषयी आपणच लिहून ठेवायचे असते. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी मेमरीची चाचणी थोड्या वापरकर्त्यांसाठी सुरू झाली आणि एप्रिलअखेर ती बहुतेक देशांतील प्लस या सशुल्क योजनेच्या ग्राहकांना मिळाली. तिच्यात संभाषण चालू असतानाच चॅटबॉट एखादी गोष्ट टिपून घेतो, 'मेमरी अद्ययावत झाली' अशी सूचना दाखवतो आणि ती नोंद सेटिंग्जमधल्या यादीत जाऊन बसते. १० एप्रिल २०२५ रोजी ओपनएआयने पुढचे पाऊल टाकले : जतन केलेल्या नोंदींखेरीज आपली सगळी जुनी संभाषणेही चॅटजीपीटी संदर्भासाठी वापरू लागले. गूगलने जेमिनीत नोव्हेंबर २०२४ मध्ये जतन केलेल्या माहितीची सोय पैसे भरणाऱ्या ग्राहकांना दिली, पुढच्या फेब्रुवारीत जुन्या संभाषणांचा संदर्भ घेणे सुरू केले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अशी वैयक्तिक माहिती वापरण्याची सेटिंग मुळातच चालू ठेवली. अँथ्रोपिकच्या क्लॉडने ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या संभाषणांत शोध घेण्याची सोय आधी आणली. मेमरी सप्टेंबरमध्ये कार्यालयीन ग्राहकांना आणि २३ ऑक्टोबरपासून वैयक्तिक सशुल्क ग्राहकांना मिळू लागली.

यावरून तीन निरनिराळ्या गोष्टींना आज एकच नाव दिले जाते हे लक्षात येईल. पहिली म्हणजे स्पष्ट नोंद, जी ओळीओळीने दिसते. दुसरी म्हणजे जुन्या संभाषणांतून आपोआप काढलेला सारांश किंवा निष्कर्ष. तिसरी म्हणजे शोध : 'गेल्या महिन्यात आपण ज्या प्रस्तावनेवर काम केले तिथपासून पुढे जाऊ' असे म्हटल्यावर चॅटबॉट जुनी संभाषणे चाळतो आणि काय सापडले ते दाखवतो. माझ्या कामाला पहिली आणि तिसरी अत्यंत उपयोगी पडल्या आहेत. माझ्या तक्रारी बहुतांशी दुसरीविषयी आहेत.

स्पष्ट नोंदींचा उपयोग मराठीत काम करणाऱ्याला किती होतो हे सांगायलाच हवे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे लिहिताना निवेदनात 'असे केले' आणि पात्रांच्या तोंडी 'असं केलं' हा भेद मला हवा असतो. ही सूचना प्रत्येक वेळी नव्याने द्यावी लागत असे, आणि ती द्यायची राहिली की चॅटबॉट सगळ्या मजकुराला एकच वळण लावून टाकत असे. एकदा नोंद झाल्यावर हा त्रास जवळजवळ संपला. त्याहूनही मोठा फरक पडला तो लिंगाचा. मराठीत बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे लिंग क्रियापदातच उमटते, त्यामुळे चॅटबॉटला मी कोण आहे हे ठाऊक नसेल तर पहिल्या काही वाक्यांतच ते उघड होते. 'तू म्हणाला होतास' असे वाचले की मजकुरावरचे लक्ष उडते. चॅटबॉट स्वतःविषयी एका परिच्छेदात 'मी तपासतो' आणि पुढच्या परिच्छेदात 'मी तपासते' असे लिहू लागला की तर आणखीच. 'मी स्त्री आहे, मला तुम्ही म्हणावे, स्वतःविषयी पुल्लिंगात बोलावे' एवढ्या एका ओळीने हे मार्गी लागते, आणि ती ओळ दर वेळी टंकावी लागत नाही ही सोय छोटी नाही. इंग्रजीत काम करणाऱ्या परीक्षकांना मेमरी ही चैन वाटू शकते. मराठीत ती व्याकरणाची गरज आहे.

नोंदी आखूड ठेवाव्यात असे मी सुचवीन, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. जोडलेला मजकूर मॉडेल एका वेळी जेवढे वाचू शकते त्यातलीच जागा खातो, आणि ही जागा टोकन नावाच्या तुकड्यांत मोजली जाते. देवनागरीचे पूर्वी फार बारीक तुकडे होत असत. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल सादर करताना ओपनएआयने एकाच नमुन्याची जी तुलना दिली होती, तिच्यात मराठी मजकुराची टोकने ९६ वरून ३३ वर आली होती. परिस्थिती इतकी सुधारली असली तरी पाल्हाळिक नोंदींनी भरलेली यादी कामाला येत नाही. दोन नोंदी एकमेकींच्या विरोधात गेल्या की मॉडेल त्यांतली कोणती पाळेल याचा भरवसा राहत नाही.

आता दोष. यातले जे माझ्या कामात अनुभवाला आले ते कोणत्या चॅटबॉटचे होते हे मुद्दाम सांगत नाही, कारण ते या पद्धतीतच दडलेले आहेत आणि कमीअधिक प्रमाणात सर्वत्र संभवतात.

संपादकाकडे येणारा बराचसा मजकूर प्रथमपुरुषी असतो. एका निवृत्त एसटी वाहकाच्या आत्मकथनातील काही प्रकरणे मी वाक्यरचना तपासण्यासाठी चॅटबॉटला दिली होती. त्यात घाटातल्या रात्रीच्या फेऱ्या होत्या, उभे राहून केलेली नोकरी होती, गुडघ्याचे दुखणे होते. बऱ्याच काळाने अगदी वेगळ्या संभाषणात मी चालण्यासाठी कोणते बूट चांगले असे विचारले, तेव्हा 'आपली एसटीतील दीर्घ नोकरी आणि गुडघ्यांचा त्रास लक्षात घेता' अशी उत्तराची सुरुवात झाली. मजकुरातला 'मी' आणि मजकूर देणारी मी यांतला भेद सारांश काढणाऱ्या यंत्रणेला कळला नव्हता. बुटांच्या बाबतीत याने नुकसान झाले नाही. परंतु त्याच आत्मकथनात रक्तदाबाच्या गोळ्यांचा उल्लेख होता, आणि मी औषधाविषयी काही विचारले असते तर उत्तर कोणाला उद्देशून मिळाले असते, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. अधिक गंभीर गोष्ट ही की, जतन केलेल्या नोंदींच्या यादीत एसटीचा उल्लेख नव्हता. तो आपोआप काढलेल्या निष्कर्षांतून आला होता, आणि नेमके काय खोडायचे हे मला दिसत नव्हते. शेवटी त्या प्रकरणांची संभाषणेच काढून टाकावी लागली, म्हणजे त्यांच्याबरोबर त्यातले कामही गेले. वकील, समुपदेशक, भाषांतरकार, शिक्षक, दुसऱ्याचा मजकूर हाताळणाऱ्या कोणालाही हा धोका आहे.

दुसरा दोष संक्षेपाचा आहे. मी मराठीत दिलेली एक सूचना अशी होती की परकी व्यक्तिनामे मूळ उच्चाराप्रमाणे लिहावीत, मात्र मराठीत रूढ झालेली रूपे बदलू नयेत. यादीत तिची नोंद इंग्रजीत झाली, आणि 'मात्र' पासून पुढचा भाग गळून पडला. परिणामी रूढ नावांची विचित्र रूपे संहितेत येऊ लागली, आणि कारण कळेपर्यंत मी मॉडेललाच दोष देत होते. त्यामुळे आता सूचना दिल्यावर यादी उघडून नोंद शब्दशः वाचते, चुकली असेल तर ती खोडते, आणि तीच सूचना दोन स्वतंत्र वाक्यांत पुन्हा देते. अपवाद आणि अटी हेच संपादकीय नियमांचे सार असते, आणि सारांशात पहिल्यांदा गळते तेही हेच.

तिसरा दोष सरमिसळीचा. दोन प्रकाशनसंस्थांच्या लेखनशैली वेगळ्या असतात. एकीकडे आकडे देवनागरीत हवेत, दुसरीकडे तक्त्यांमध्ये ते इंग्रजी लागतात. मेमरी या दोन्हींना माझी पसंती समजते आणि त्यांची सरासरी काढते. शैलीची सरमिसळ दुरुस्त करता येते, पण एका प्रकाशकाच्या अप्रकाशित पुस्तकाचा उल्लेख दुसऱ्याच्या कामात येणे हा गोपनीयतेचा भंग आहे, आणि तो उल्लेख असलेले उत्तर मी न वाचता पुढे पाठवले तर त्याची जबाबदारी माझ्यावर येते. यावर आज उपलब्ध असलेला उपाय म्हणजे कप्पे. क्लॉडमध्ये प्रत्येक प्रोजेक्टची, म्हणजे एका कामाची संभाषणे एकत्र ठेवण्याच्या जागेची, मेमरी मूळ रचनेतच वेगळी ठेवली जाते. चॅटजीपीटीत ऑगस्ट २०२५ पासून केवळ त्या प्रोजेक्टपुरती मेमरी ठेवण्याचा पर्याय आहे, पण तो प्रोजेक्ट तयार करतानाच निवडावा लागतो, आणि ही गोष्ट नव्या वापरकर्त्याच्या लक्षात सहसा येत नाही. प्रत्येक प्रकाशकासाठी एक प्रोजेक्ट, त्यात त्या संस्थेचे लेखनसंकेत, आणि बाहेरच्या सर्वसाधारण मेमरीत फक्त माझ्या भाषेविषयीच्या दोन-तीन ओळी, अशी मांडणी केल्यापासून माझे काम सुरळीत चालले आहे.

चौथी गोष्ट मला मेमरीविषयीच्या चर्चेत फार कमी दिसते. आपली मते, आवडीनिवडी आणि आपण काय चांगले म्हटले हे ज्याला ठाऊक आहे, तो आपल्याला रुचेल असेच बोलण्याकडे झुकतो. एप्रिल २०२५ च्या अखेरीस ओपनएआयला जीपीटी-४ओची एक आवृत्ती अतिखुशामतीमुळे मागे घ्यावी लागली, आणि मे महिन्यातील आपल्या खुलाशात कंपनीने हेही नोंदवले की काही प्रसंगी मेमरीमुळे खुशामतीचा परिणाम वाढलेला दिसला. सर्रास तसे होते याचा पुरावा मात्र आपल्याकडे नाही, असेही तिने म्हटले. संपादनाच्या बाबतीत ही बाब कळीची आहे. एखाद्या कवितासंग्रहाविषयी माझे मत अनुकूल आहे हे चॅटबॉटला ठाऊक असेल, तर त्याच्याकडून दुसरे मत घेण्यात काय अर्थ उरतो? त्यामुळे मूल्यमापनाचे काम मी मेमरी बंद असलेल्या तात्पुरत्या संभाषणातच करते, आणि प्रत्येक संपादकाने तसेच करावे असे आग्रहाने सांगते.

तात्पुरत्या संभाषणाविषयी आणि खोडण्याविषयी काही नेमकी माहिती द्यायला हवी, कारण इथे गैरसमज सर्वाधिक आहेत. चॅटजीपीटीत एखादे संभाषण खोडले तरी त्यातून जतन झालेली नोंद तशीच राहते; दोन्ही वेगवेगळी खोडावी लागतात. टेम्पररी चॅट इतिहासात दिसत नाही आणि मेमरीला हात लावत नाही, परंतु सुरक्षेच्या कारणासाठी त्याची प्रत ३० दिवसांपर्यंत ठेवली जाऊ शकते. जेमिनीत हीच मुदत ७२ तासांची आहे. जेमिनीची नेहमीची संभाषणे मूळ सेटिंगप्रमाणे १८ महिन्यांनी आपोआप खोडली जातात आणि ही मुदत आपल्याला कमीअधिक करता येते. मात्र मानवी परीक्षकांनी पाहिलेली संभाषणे आपण खोडल्यानंतरही तीन वर्षांपर्यंत राहू शकतात. कंपनीचे वचन कितीही प्रामाणिक असले तरी ते न्यायालयाच्या आदेशापुढे टिकत नाही, हेही २०२५ मध्ये दिसले. न्यूयॉर्क टाइम्सने ओपनएआयवर केलेल्या खटल्यात १३ मे रोजी दिलेल्या आदेशामुळे, एरवी खोडली गेली असती अशी संभाषणेही कंपनीला जपून ठेवावी लागली, आणि हे बंधन २६ सप्टेंबरपर्यंत होते. खोडण्याचे बटण दाबणाऱ्या पुण्यातल्या किंवा पणजीतल्या माणसाला त्या खटल्याची गंधवार्ताही नसणार.

बाहेरून घुसवलेल्या नोंदींचा धोका तर आणखी वेगळा आहे. योहान रेहबर्गर या सुरक्षा संशोधकाने २०२४ मध्ये दाखवून दिले की चॅटजीपीटीला वाचायला दिलेल्या कागदपत्रात किंवा वेबपानात दडवलेल्या सूचनांमुळे त्याच्या मेमरीत खोट्या नोंदी घालता येतात, आणि त्या नंतरच्या प्रत्येक संभाषणावर परिणाम करत राहतात. माहिती बाहेर पाठवण्याचा त्यातला मार्ग ओपनएआयने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंद केला, आणि पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये रेहबर्गर यांनी जेमिनीतही तत्सम प्रकार दाखवला. माझ्याकडे अनोळखी लेखकांच्या फाइली दररोज येतात. एरवी सदोष उत्तर त्या संभाषणापुरते राहते. मेमरी चालू असताना ते तिथेच राहील याची शाश्वती नाही. 'मेमरी अद्ययावत झाली' ही बारीक अक्षरातली सूचना दिसली की थांबून ती वाचणे, एवढी दक्षता तरी घेतलीच पाहिजे.

तीन उत्पादनांविषयी वेगवेगळे मत द्यायचे तर, चॅटजीपीटीच्या जतन केलेल्या नोंदींची यादी मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती सुट्या ओळींची आहे आणि नको ती ओळ तेवढी काढता येते. पण जुन्या संभाषणांतून आपोआप उचललेल्या माहितीची तशी यादी मला मिळाली नाही, आणि म्हणून तो पर्याय मी बंद ठेवला आहे. क्लॉडचा सारांश वाचता येतो, आपल्या शब्दांत बदलता येतो आणि कप्प्यांची शिस्त त्यात उत्तम आहे; मात्र तो सलग गद्यात असल्याने एखादी चुकीची गोष्ट त्यात चटकन नजरेला येत नाही. जेमिनीत स्वतः लिहून ठेवायच्या माहितीचे पान सुटसुटीत आहे, परंतु जुन्या संभाषणांचा वापर आधीच चालू ठेवण्याचा निर्णय मला मान्य नाही. अशा गोष्टीला संमती आधी विचारावी.

भारतातील वापरकर्त्याला याबाबत कायद्याचा आधार मिळू लागला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि खोडून घेण्याचा हक्क दिलेला आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. कंपन्यांवरील बहुतेक कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. आपोआप काढलेले निष्कर्ष ओळीओळीने दाखवण्याची मागणी करण्यासाठी ही मुदत मोलाची आहे, आणि मराठी वापरकर्त्यांनी तिच्यात आणखी दोन मागण्या जोडाव्यात असे मला वाटते : नोंद ज्या भाषेत सांगितली त्याच भाषेत व्हावी, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या तारखेच्या कोणत्या संभाषणातून आली हे लिहिलेले असावे.

पैशांचे विचाराल तर केवळ मेमरीसाठी कोणतीही सशुल्क योजना घेऊ नये. ज्याला स्वतःची भाषा, लिंग, संबोधन आणि लेखनाचे दोन-चार नियम तेवढे लक्षात राहायला हवे आहेत, त्याचे काम विनामूल्य मिळणाऱ्या कस्टम इन्स्ट्रक्शन्समध्ये भागते, आणि त्यात प्रत्येक शब्द आपलाच असतो. ज्याच्याकडे दोन किंवा अधिक पक्षांचा गोपनीय मजकूर येतो, त्याने मात्र स्वतंत्र मेमरीचे कप्पे देणारी योजना पैसे भरावे लागले तरी घ्यावी, आणि घेतल्यावर पहिल्याच दिवशी जुन्या संभाषणांचा सरसकट वापर बंद करावा.